समुद्रसपाटीपासून

सोलापूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर
गावाच्या नावाखाली, बारीक अक्षरात
समुद्र लिहिलेला आहे.
आमच्या शहरात तेवढाच.

तात रोज संध्याकाळी त्या पाटीपाशी जायचे.
(तात म्हणजे आमच्या तेलुगू घरात आजोबा.)
प्लॅटफॉर्म तिकीट काढून, धोतराचा सोगा धरून
आधी पाटीकडं बघायचे, मग स्वतःच्या पायांकडं,
जणू कुणीतरी त्यांना एवढ्या उंचीवर ठेवून
न्यायला विसरलंय.

आशन्ना येमूल, खलाशी, सर्व्हे पार्टी नंबर नऊ.
जहाजावरचा खलाशी नव्हे.
साखळी ओढणारा, झेंडी धरणारा,
रंगवलेली सागवानी पट्टी छातीशी उभी धरून
साहेबाचा हात खाली येईपर्यंत
डास चावला तरी न हलणारा.

गिरणीला टाळं लागलं त्या वर्षी नाव नोंदवलं.
बोटीनं नेलं एका किनाऱ्यावर
ज्याचं नाव ते दर वेळी वेगळं सांगायचे.
वाळू काळी, आणि काळ्या वाळूत सोनं,
किती, तर बाजरीच्या पोत्यात
एखादी मोहरी सापडावी तेवढं.
खाडी दिवसातून दोनदा नकाशा पुसायची.
संध्याकाळी मोजलेला काठ सकाळी तिथं नसायचा.
साहेब आधी समुद्रावर चिडायचा, मग तातांवर.

दुर्बिणीत माणूस उलटा दिसतो, सांगायचे.
"तीन वर्षं मी उलटा उभा होतो गं पोरी,
डोकं चिखलात, पाय ढगात.
त्याच्या वहीत पट्टीवरचा आकडा तेवढा खरा."

नकाशाची एक प्रत त्यांनी पत्र्याच्या नळीतून आणली होती,
निळा रंग सरकला म्हणून छापखान्यानं फेकलेली.
ते गेल्यावर मी ती फरशीवर पसरली,
चार कोपऱ्यांवर चार बॉबिनी ठेवून.
डोंगरांच्या रेघा तपकिरी,
उतू गेलेलं दूध वाळल्यावर कडा राहतात तशा.
खाणपट्ट्याची हद्द लाल, सरळ.
आणि त्या लाल चौकटीत काही नाही.

तातांच्या वहीत मात्र त्याच जागी
अकरा काड्या. अकरा झोपड्या.
गोड्या पाण्याचा झरा एक.
खाली वेड्यावाकड्या तेलुगूत:
पाणी दिलेल्या बाईचं नाव विचारायचं राहिलं.

नकाशाच्या तळाशी मोजणारा, काढणारा, तपासणारा,
सगळ्यांची नावं. पट्टी धरणाऱ्याचं नाही.
ते मी धरूनच चालले होते.
झोपड्यांचं मात्र धरलं नव्हतं.

मी साखर पेठेत जकार्डची कार्डं पंच करते.
मोर, कमळ, ताजमहाल.
भोक असेल तर धागा उचलला जातो,
नसेल तर खालीच राहतो.
माग दुसरं काही विचारत नाही.

तर पिसाऱ्याच्या बाहेर, कोऱ्या मैदानावर
मी अकरा भोकं जास्तीची पाडली.
बारावं झऱ्याचं, जरा थांबून.

कुणाच्या लक्षात येईतो चोवीस चादरी उतरल्या होत्या.
सिद्रामप्पा चेकरनं एक उजेडात धरली.
"हे काय, माश्या बसल्यावानी?"
गाव आहे, म्हटलं.
"कुठलं?"
नाव मला कुठं माहीत होतं.
त्यानं खडूनं फुली मारली, सेकंडच्या ढिगावर टाकली,
माझे दोन दिवसांचे पैसे कापले.
तेही बरोबरच. माल त्याचा होता.

सेकंडचा माल स्टेशनबाहेर किलोवर जातो.

हल्ली मीही जाते त्या पाटीपाशी.
परवा रात्रीच्या गाडीत, खिडकीला,
कुणी बाई मोराची चादर हनुवटीपर्यंत ओढून निजलेली.
चोवीसातली असेल, नसेलही.
काचेवर धूळ होती, मी बोटानं पुसायला गेले
तेवढ्यात गाडी हलली,
उताराला लागली,
समुद्राकडं.